पलटणीपासून पेन्शनीपर्यंत: लष्करी बातमी वाचायची कशी?

समजा, सकाळच्या पेपरात ही बातमी आहे. वाक्यं मी नमुन्यादाखल जुळवली आहेत, पण यातला एकेक तुकडा आपण कुठं ना कुठं वाचलेला असतो:

"मराठा लाइट इन्फंट्रीचे व सध्या राष्ट्रीय रायफल्समध्ये तैनात असलेले कोल्हापूर जिल्ह्यातील एक नाईक नियंत्रण रेषेलगतच्या शोधमोहिमेत जखमी झाले. दहशतवाद्यांशी संपर्क झाल्यानंतर चकमक उडाली. त्यात लष्कराच्या तीन कॅज्युअल्टी झाल्या असून एका दहशतवाद्याला निष्प्रभ करण्यात आले."

गडहिंग्लज, चंदगड, कागल, करवीर, आपल्या कुठल्याही तालुक्यात फौजी घरं आहेत. करवीरमधल्या गिरगावची तर ओळखच 'सैनिक गिरगाव' अशी. अशा गावात ही बातमी आली की पहिला प्रश्न येतो, "आपल्या पोराची पलटण हीच हाय काय?" उत्तराचा बराचसा भाग बातमीतच असतो, पण शब्द उलगडलेले नसल्यामुळं तो हाती लागत नाही. पोराचा फोन येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून ही बातमी तुकड्यातुकड्यानं सोडवून बघू.

रेजिमेंट मोठी, पलटण आपली

सगळ्यात जास्त घोळ रेजिमेंट आणि बटालियन या दोन शब्दांचा होतो. पायदळात रेजिमेंट म्हणजे एक मोठं कूळ. परंपरा एक, युद्धघोष एक, टोपीवरचा बिल्ला एक, प्रशिक्षणाचं सेंटर एक. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे आणि भरती झालेली आपली पोरं घडतात ती तिथंच. पण ही रेजिमेंट अख्खी एका जागी कधीच नसते आणि लढायलाही एकत्र जात नाही. तिच्या बटालियन वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या असतात. एक काश्मिरात, एक ईशान्येत, एक एखाद्या छावणीत. लढणारं, बदली होणारं, एका सीओच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, हाताखाली चालणारं एकक म्हणजे बटालियन, साधारण ८०० जणांची. फौजी माणूस तिलाच 'पलटण' किंवा 'युनिट' म्हणतो.

म्हणजे 'मराठा रेजिमेंट सीमेवर रवाना' असा मथळा दिसला तर त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. कुठली मराठा, हे कळायला पलटणीचा आकडा लागतो. १ मराठा, २ मराठा, ७ मराठा. १७६८ साली उभी राहिलेली सगळ्यात जुनी पलटण ती आजची १ मराठा, 'जंगी पलटण'. २ मराठाला 'काली पांचवी' म्हणतात. सुरक्षेसाठी लष्कर पुष्कळदा हा आकडा जाहीर करत नाही आणि ते बरोबरच आहे. पण आकडा नसताना बातमीदारानं 'रेजिमेंट' लिहून जागा भरू नये. 'मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन' एवढं लिहिलं तरी दहा गावांचा जीव भांड्यात पडतो.

पलटणीच्या आतली उतरंड सोपी आहे. दहा जणांचं सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, म्हणजे सव्वाशेच्या आसपास माणसं. अशा चार लढाऊ कंपन्या आणि सोबत मदतीच्या तुकड्या मिळून पलटण होते. वर चढत गेलं की तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन, मग कोअर आणि शेवटी कमांड. आपण ज्या सदर्न कमांडच्या हद्दीत येतो तिचं मुख्यालय पुण्यात आहे. आकडे थोडे इकडं-तिकडं होतात, पण अंदाज डोक्यात असला की 'कंपनी हलवली' आणि 'डिव्हिजन हलवली' यातला फरक लगेच कळतो. पहिली सव्वाशे माणसांची गोष्ट आहे, दुसरी पंधरा हजारांच्या वरची.

एक फसवी जागा मात्र आहे. तोफखान्यात आणि रणगाडा दलात 'रेजिमेंट' म्हणजे कूळ नसून पलटणीएवढंच एकक असतं. तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये साधारण १८ तोफा, तर रणगाड्यांच्या एका रेजिमेंटमध्ये ४५ रणगाडे. त्यामुळं 'रेजिमेंट' शब्द दिसला की आधी बघायचं, पायदळाची की तोफांची?

आकड्यांचा आणखी एक गोंधळ खास कोल्हापूरचा. टेंबलाईच्या बाजूला जिची वर्दळ दिसते ती १०९ इन्फंट्री बटालियन, टेरिटोरियल आर्मी, मराठा लाइट इन्फंट्री. लोक तिला 'टीए बटालियन' म्हणतात. १०९ म्हणजे मराठा रेजिमेंटच्या १०९ पलटणी आहेत असा अर्थ होत नाही. टेरिटोरियल आर्मीच्या पायदळ पलटणींचे क्रमांकच १०१ पासून सुरू होतात आणि १०१ नंबरची पलटण पुण्यात आहे. टेरिटोरियल आर्मी म्हणजे प्रादेशिक सेना, १९४९ साली उभी राहिलेली. एरवी आपापली नोकरी-धंदा सांभाळणारे नागरिक ठरावीक काळ वर्दीत येतात, ही त्यामागची मूळ कल्पना. गरज पडली की या पलटणींना दीर्घकाळ सेवेत बोलावलं जातं आणि त्या काश्मिरातही जातात. 'टीएवाल्यांना काय, घरचीच ड्युटी' असं बोलणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

जाता जाता, कोल्हापूर संस्थानाचीही स्वतःची पलटण होती, राजाराम रायफल्स. संस्थान विलीन झाल्यावर ती मराठा लाइट इन्फंट्रीतच सामील झाली.

मग राष्ट्रीय रायफल्स कुठून आली?

आपल्या बातमीतला नाईक 'मराठा'चा आहे आणि 'राष्ट्रीय रायफल्स'चाही. दोन्ही खरं आहे. राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे आरआर, हे दहशतवाद्यांशी लढण्यासाठी १९९० साली उभारलेलं लष्कराचंच दल. त्यात थेट भरती होत नाही. निम्मे जवान पायदळातून येतात आणि उरलेले तोफखाना, सिग्नल, सप्लाय अशा इतर शाखांतून. दोन-तीन वर्षं तिथं काढायची आणि मूळ पलटणीत परत यायचं. प्रत्येक आरआर बटालियन कुठल्या तरी रेजिमेंटशी जोडलेली असते. ४१ आरआर मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे.

सातारा जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात धारातीर्थी पडले, तेव्हा ते याच ४१ आरआरचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांचं मूळ युनिट २१ पॅरा स्पेशल फोर्सेस. आणि हे युनिट घडलं २१ मराठातून. एकानं 'पॅरा कमांडो' लिहिलं, दुसऱ्यानं 'राष्ट्रीय रायफल्स', तिसऱ्यानं 'मराठा', तरी तिघांचंही बरोबर ठरतं. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की कुणीतरी चुकीचं छापलंय. 'मूळ युनिट अमुक, सध्या नेमणूक तमुक' अशी एक ओळ दिली तर हा सगळा गुंता सुटतो.

महाडिकांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. वीरचक्र का नाही, असं मला गावाकडं विचारलं गेलंय. पदकांच्या दोन रांगा आहेत. शत्रूसमोर रणांगणावर दाखवलेल्या शौर्यासाठी परमवीर, महावीर आणि वीर चक्र. तसं रणांगण नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र. दहशतवादविरोधी मोहिमा बहुतेक दुसऱ्या रांगेत मोडतात. मानाच्या क्रमात या रांगा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. परमवीर, मग अशोक, मग महावीर, मग कीर्ती, मग वीर आणि लगेच शौर्य. त्यामुळं शौर्यचक्र हे 'दुय्यम' पदक आहे असा समज कुणीही करून घेऊ नये.

खांद्यावर काय बघायचं

'जवान' हा शब्द आपण सरसकट वापरतो. लष्करात उभे तीन थर आहेत. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार हा पहिला. यांची खूण दंडावरच्या फितीची. लान्स नाईकला एक, नाईकला दोन, हवालदाराला तीन. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, म्हणजे जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर). आणि त्यावर लेफ्टनंटपासून पुढं अधिकारी.

जेसीओ आणि अधिकारी ओळखण्यात बहुतेकांची गल्लत होते, कारण दोघांच्याही खांद्यावर स्टार असतात. दोन स्टार सुभेदारालाही असतात आणि लेफ्टनंटलाही. सुभेदाराच्या स्टारजवळ लाल-पिवळी-लाल आडवी पट्टी असते, अधिकाऱ्याच्या नसते. पुढच्या वेळी कँटीनच्या रांगेत वर्दीतला कुणी दिसला तर एवढी पट्टी बघा.

गावात घरावर पाटी असते, 'ऑनररी कॅप्टन'. हा मान सुभेदार किंवा सुभेदार मेजरच्या हुद्द्यावर पोचलेल्या निवडक जेसीओंना सेवेच्या शेवटी, २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या निमित्तानं मिळतो. शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर पोचलेल्या माणसाची ती अख्ख्या नोकरीची कमाई आहे. थेट अधिकारी म्हणून रुजू झालेल्या कॅप्टनची वाट वेगळी, वयही वेगळं. बातमीत दोघांनाही नुसतं 'कॅप्टन' लिहिलं की ऑनररी कॅप्टनची तीस वर्षं पुसली जातात.

२०२२ पासून शिपायाच्या खाली 'अग्निवीर' ही वेगळी श्रेणी आली. मुदत चार वर्षं, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत जाणार. अग्निवीराला नेहमीच्या पेन्शनीचे नियम लागू नाहीत, म्हणून बातमीत 'जवान' की 'अग्निवीर' हे नेमकं असायलाच हवं.

तसंच सीआरपीएफ आणि बीएसएफचं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं या दलांत आहेत. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात गेलेले ४० जण सीआरपीएफचे होते. त्यांचं मोल कुणापेक्षा तसूभरही कमी नाही. पण हुद्दे वेगळे, पेन्शनीचे नियम वेगळे, दाद मागायची दारंही वेगळी. मागं राहिलेल्या कुटुंबाला ही दारं ठाऊक नसली की हेलपाटे पडतात.

रेषा तीन आहेत

'सीमेवर' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपतात. आंतरराष्ट्रीय सीमा म्हणजे दोन देशांनी मान्य केलेली हद्द, गुजरात-राजस्थान-पंजाबकडची. तिथं एरवी पहारा बीएसएफचा. नियंत्रण रेषा, एलओसी, ही जम्मू-काश्मिरात सुमारे ७४० किलोमीटर. १९४९ ची युद्धबंदी रेषा होती, तिच्या जागी १९७२ च्या सिमला करारानंतर ही रेषा नकाशावर आखली गेली आणि दोन्ही लष्करांनी त्या नकाशांवर सह्या केल्या. प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, एलएसी, चीनच्या बाजूला. भारताच्या मोजणीनं ३,४८८ किलोमीटर. तिचा दोघांनी सह्या केलेला नकाशाच नाही. त्यामुळं काही ठिकाणी आपण एका जागेला रेषा समजतो आणि ते दुसऱ्या जागेला. दोन्हीकडच्या गस्ती समोरासमोर येण्याचं एक मोठं कारण हेच. मराठी बातमीत 'प्रत्यक्ष' हा एक शब्द गळाला तर बातमी चीनकडून उचलून पाकिस्तानच्या दारात ठेवली जाते, आणि चुकून घुसला तर उलट.

संपर्क, निष्प्रभ, कॅज्युअल्टी

आता बातमीचं दुसरं वाक्य. 'दहशतवाद्यांशी संपर्क झाला.' आपल्या रोजच्या बोलण्यात संपर्क म्हणजे फोन, बोलणं, चिठ्ठी. लष्करी भाषेत संपर्क म्हणजे शोध घेणारी तुकडी आणि दहशतवादी आमनेसामने आले, बहुधा गोळीबार सुरू झाला. 'निष्प्रभ केले' म्हणजे आता तो माणूस लढू शकत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ठार असा असतो. ठार झाला असेल तर मराठीत सरळ ठारच लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गुळगुळीत शब्दानं खरं काय झालं ते झाकलं जातं.

पण सगळ्यात मोठा घात करतो तो 'कॅज्युअल्टी' हा शब्द. लष्करी हिशेबात कॅज्युअल्टी म्हणजे लढण्यासाठी उपलब्ध न राहिलेला प्रत्येक माणूस. मेलेला, जखमी, बेपत्ता, शत्रूच्या हाती सापडलेला, सगळे त्यात आले. आपल्या बातमीतल्या तीन कॅज्युअल्टी म्हणजे तिघंही जखमी असू शकतात. घाईत भाषांतर करणाऱ्यानं 'तीन जवानांचा मृत्यू' असं लिहिलं की तेच वाक्य व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरतं आणि एखाद्या घरात रडारड सुरू होते. पोरगा तिकडं हॉस्पिटलात पायाला प्लास्टर घालून पडलेला असतो. म्हणून हा शब्द दिसला की मृत किती आणि जखमी किती हे वेगवेगळं सांगितलंय का ते बघावं. सांगितलं नसेल तर बातमी अर्धी आहे असं समजावं आणि पुढं पाठवू नये.

तोफा-बंदुकांच्या आकड्यांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. १५५ मिलिमीटरची तोफ म्हणजे नळीचा आतला व्यास १५५ मिलिमीटर. इंजिनाच्या सिलिंडरचा बोअर मोजतात तसाच हा बोअर. बोफोर्सपुढं '१५५/३९' लिहितात, त्यातला ३९ म्हणजे नळीची लांबी बोअरच्या ३९ पट, म्हणजे सुमारे ६ मीटर. 'धनुष' ४५ पट, म्हणजे ७ मीटरला थोडी कमी. नवी 'एटॅग्ज' ५२ पट, ८ मीटरच्या किंचित वर. नळी लांब झाली की गोळ्याला वेग घ्यायला जागा जास्त मिळते आणि पल्ला वाढतो. रायफलीच्या आकड्यात मात्र दुसरा अंक वेगळाच. इन्सासच्या '५.५६ गुणिले ४५' मधला ४५ हा काडतुसाच्या नळकांड्याच्या लांबीचा आहे, तोही मिलिमीटरमध्ये. क्षेपणास्त्रात 'अग्नी' बॅलिस्टिक, म्हणजे सुरुवातीच्या जोरावर उंच जाऊन दगडासारखं कमान घेत खाली येणारं. 'ब्रह्मोस' क्रूझ, म्हणजे शेवटपर्यंत इंजिन चालू ठेवून विमानासारखं उडणारं.

आणि शस्त्रसंधी. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा आपल्या डीजीएमओंना फोन आला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं. डीजीएमओ म्हणजे लष्करी मोहिमांचे महासंचालक, आपल्याकडं लेफ्टनंट जनरल हुद्द्याचे अधिकारी. शस्त्रसंधीत हत्यारं थांबतात, वाद मिटत नाही. ती झाली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणाची सुट्टी सुरू होत नाही, हे फौजी घरांना वेगळं सांगायला नको.

कागदावरचे शब्द

बातमी शिळी होते, पण काही शब्द कुटुंबाच्या पदरात आयुष्यभर राहतात. आपण 'शहीद' म्हणतो, 'हुतात्मा' म्हणतो, ते मनापासून म्हणतो आणि म्हणत राहावं. लष्कराच्या कागदावर हे शब्द नसतात. तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' किंवा 'फिजिकल कॅज्युअल्टी' अशी नोंद होते. शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना झालेली हानी पहिल्या खान्यात, आजार किंवा रस्त्यावरचा अपघात दुसऱ्या. आणि या खान्यावर पेन्शन ठरते.

बॅटल कॅज्युअल्टी असेल तर पत्नीला लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे जवानाच्या शेवटच्या वेतनाइतकी. मृत्यू लढाईत नाही पण लष्करी सेवेमुळं झाला असं ठरलं तर स्पेशल फॅमिली पेन्शन, त्या वेतनाच्या ६० टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर ऑर्डिनरी, जी मूळ दरानं ३० टक्के आहे, सुरुवातीची काही वर्षं वाढीव. १०० टक्के, ६० टक्के आणि ३० टक्के यांत एखाद्या घराचं सगळं आयुष्य बदलतं. ठरवणारे शब्द असतात 'सेवेमुळे' आणि 'सेवेत असताना'. ऐकायला सारखेच वाटतात. पहिल्याचा अर्थ मृत्यूचं कारण नोकरीत आहे. दुसऱ्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी तो नोकरीत होता. पत्रात कुठला शब्द आलाय तो बोट ठेवून वाचावा आणि पटला नाही तर मुदतीत अपील करावं. कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी मार्गदर्शन मिळतं. पत्र घेऊन तिथं जायला संकोच करू नये.

आणखी एक नाव प्रत्येक फौजी घराला पाठ हवं, ते म्हणजे 'पार्ट टू ऑर्डर'. लग्न झालं, मूल झालं, वारस बदलला की जवानानं युनिटला कळवायचं आणि युनिट ती नोंद या ऑर्डरनं काढतं. ती पुढं रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच. पार्ट टू ऑर्डर निघालेली नसेल तर लष्कराच्या दफ्तरात ती बायको नाही आणि ते लेकरूही नाही. निघाली असेल पण रेकॉर्डला 'सुनिता' आणि आधार कार्डाला 'सुनीता' असेल तरी पेन्शनीचा कागद, म्हणजे पीपीओ, अडू शकतो. माहेरचं नाव, जन्मतारीख, आडनावाचं स्पेलिंग, या तिन्हींच्या बाबतीत तेच होतं. जवान नोकरीत असताना ही दुरुस्ती एका अर्जानं सुरू करता येते. तो गेल्यावर तीच दुरुस्ती बाईला प्रतिज्ञापत्रं, गॅझेट आणि चकरा मारून करावी लागते. येत्या सुट्टीत पोरगा घरी आला की लग्नाचा दाखला, बायकोचं आधार, मुलांचे जन्मदाखले आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत एका टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा.